डुकराचा खांदा, सफरचंदं आणि तीन तास

रसात बुडवून तीन तास शिजवलेलं मटण कोरडं पडू शकतं, हे मला फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या माझ्या पहिल्याच पानगळीत कळलं. बाजारातून मी पाठीच्या कण्यालगतचा तुकडा आणला होता. गुलाबी, स्वच्छ, चरबीचा मागमूस नाही. भांड्यात सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, होतं, कांदा होता, सफरचंदं होती. तीन तासांनी रस अप्रतिम झाला, पण त्यातलं मटण मात्र लाकडाच्या भुशासारखं. रात्री वसईला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भाग कुठला घेतलास रे?"

आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांत डुकराचं मटण सणासुदीला होतंच. लग्न असो वा नाताळ, विनेगर घातलेलं इंद्याल हवंच. तरी भागाचा विचार मी कधी केला नव्हता. तो घरातली मोठी माणसं करत. आता करतो. फळांबरोबर मंद आचेवर शिजवलेलं पोर्क हा युरोपातल्या थंडीच्या तोंडावरचा एक फार सुंदर जेवणप्रकार आहे, आणि आत काय घडतं ते एकदा समजलं की तो सहसा बिघडत नाही.

मटणाचा तुकडा जवळून पाहिला तर तो दोरखंडासारखा दिसतो. बारीक धागे, धाग्यांच्या जुड्या, आणि प्रत्येक जुडीभोवती पांढुरकं, चिवट आवरण. धाग्यांमध्ये पाणी असतं. कच्च्या मटणाच्या वजनातला जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच. आवरणात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. सगळी गोम या दोघांत आहे, कारण उष्णता लागली की दोघं उलट वागतात.

धागे ५० अंश सेल्सियसच्या आसपास आकसायला लागतात. ६० ते ७० अंशांत ते असे आवळले जातात की ओला कपडा पिळावा तसं त्यांच्यातलं पाणी बाहेर पडतं. हे पाणी परत आत जात नाही, भांड्यात कितीही रस असो. पिळलेला धागा त्या रसात नुसता बसून राहतो. माझ्या भुशाचं कारण हे होतं.

कोलॅजनचंही आधी तसंच. साठ-पासष्ट अंशांना तेही आकसतं आणि मटण आणखी चिवट करतं. पण ७० अंशांच्या पुढे हळूहळू, आणि ८० ते ९५ अंशांत बऱ्यापैकी वेगाने, त्याचा तीनपदरी पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होऊन ते विरघळतं. पायाचं सूप पिताना ओठांना जो चिकटपणा जाणवतो, तो या जिलेटिनचा. त्याला उष्णता लागते, पाणी लागतं आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. आच वाढवून हा वेळ फारसा वाचत नाही, कारण उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यात पाणी १०० अंशांपुढे जातच नाही.

आता खांद्याचा तुकडा घ्या. डुक्कर दिवसभर खांद्यावर आणि मानेवर भार टाकून जमीन उकरतं, म्हणून तिथे आवरणं भरपूर आणि धाग्यांमध्ये चरबीही. तासभर शिजवलात तर हा तुकडा सगळ्यात वाईट अवस्थेत असतो: धागे पिळले गेलेत, कोलॅजन अजून सुटलेलं नाही. बरेच जण इथेच हार मानतात. दोन-अडीच तासांनंतर आवरणं विरघळतात, जुड्या सुट्या होतात, आणि जिलेटिन आणि वितळलेली चरबी प्रत्येक धाग्याला माखतात. धागा अजूनही पिळलेलाच असतो! आपल्याला तो रसाळ लागतो तो या माखण्यामुळे. पाठीच्या तुकड्यात कोलॅजनही थोडं आणि चरबीही थोडी, त्यामुळे पिळलेल्या धाग्यांना सावरायला काहीच नसतं. तो भाग वाईट नव्हे. तो झटपट भाजायचा भाग आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांचा विसावा पुरेसा मानला आहे. जंतांच्या भीतीने आपण तो तुकडा फार वेळ आचेवर ठेवतो आणि त्याचा चोथा करतो. खांद्याच्या बाबतीत ही काळजीच नको, तो नव्वदीच्या पुढे जातोच.

या शिजवण्याला फ्रेंचमध्ये 'ब्रेझे' म्हणतात. शब्द आला निखाऱ्यांवरून. पूर्वी भांडं निखाऱ्यांत ठेवायचे आणि खोलगट झाकणावरही निखारे घालायचे, म्हणजे आच वरून आणि खालून सारखी लागे. गोव्यात बेबिंका करताना झाकणावर निखारे ठेवतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आज ते काम ओव्हन करतो. गॅसवरही होतं, पण गॅसची आच फक्त तळाला लागते, म्हणून जाड बुडाचं, शक्यतो बिडाचं भांडं हवं आणि लक्षही जास्त द्यावं लागतं.

शिजवण्याआधी तुकडे परतायचे. परतल्याने मटणातला रस आत 'कोंडला' जातो, असं अजूनही सांगितलं जातं. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे ही कल्पना पसरली, आणि ती चुकीची आहे. पडताळणी स्वतःच्या कानांनी करता येते: तुकडा सगळीकडून तांबूस झाल्यावरही तव्यात चर्रर आवाज येत राहतो. तो आवाज बाहेर पडणाऱ्या रसाचाच. परतायचं ते चवीसाठी. पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की प्रथिनं आणि साखर एकत्र येऊन शेकडो नवे स्वाद आणि तो खरपूस रंग तयार होतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. ओल्या मटणावर ती होत नाही, कारण पाणी उडेपर्यंत पृष्ठभाग शंभराच्या वर जात नाही. म्हणून तुकडे आधी फडक्याने कोरडे पुसायचे आणि एका वेळी थोडेच टाकायचे. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मटण राखाडी पडतं.

आता फळं. फळांमुळे मटण मऊ होतं असा आपल्याकडे पक्का समज आहे आणि त्याला आधारही आहे, कारण मटणाला कच्ची पपई चोळण्याची आपली जुनी रीत आहे. कच्च्या पपईत आणि अननसात प्रथिनं तोडणारी विकरं असतात. सफरचंदात, नाशपातीत, सुक्या आलुबुखारात तशी काही ताकद नाही. आणि पपईची विकरंही भांडं तापलं की निकामी होतात. थोडक्यात, या पदार्थात मटण मऊ करण्याचं श्रेय फळांना द्यायचं नाही, ते वेळेचं आहे. फळाचं काम दुसरंच, आणि माझ्या मते जास्त नाजूक.

खांद्याचा तुकडा तीन तास शिजला की रस गोडसर, जाड, चरबीदार होतो. दोन घास उत्तम लागतात, तिसऱ्याला जिभेवर साय धरल्यासारखं होतं. इथे आंबटपणा लागतो. सफरचंदातल्या आम्लाला मॅलिक आम्ल म्हणतात. कार्ल विल्हेल्म शेले याने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्याच रसातून वेगळं काढलं, आणि नावही सफरचंदाच्या लॅटिन शब्दावरून पडलं. आंबटाने लाळ सुटते आणि तोंड पुन्हा मोकळं होतं. तळलेल्या मासळीनंतर सोलकढी जे करते तेच. नॉर्मंडीच्या सायडरमध्ये आणखी एक गोष्ट असते: तुरटपणा. सायडरची कित्येक सफरचंदं इतकी तुरट-कडवट असतात की ती नुसती खाववत नाहीत. माझ्या घराजवळच्या बागेतलं जमिनीवर पडलेलं, लालबुंद, देखणं सफरचंद मी एकदा उचलून चावलं होतं. जांभळाने आवळतं तशी जीभ आवळली, आणि ती तुरट चव बराच वेळ गेली नाही. शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "ते खायचं नसतं, ते प्यायचं असतं."

फळातला आणखी एक घटक म्हणजे पेक्टिन. जॅम घट्ट होतो तो याच्यामुळे. सफरचंद शिजलं की त्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सुटतं, फोड ढासळते आणि रस दाट होतो. म्हणजे मैदा नको, कॉर्नफ्लोअर नको. पण प्लेटमध्ये फोडीसारखी फोड दिसायला हवी असेल, तर तीन तास शिजलेलं सफरचंद कामाचं नाही. यावर उपाय शेजारच्या आजींनीच दाखवला: फळ दोन हप्त्यांत घालायचं. एक सफरचंद सुरुवातीला, विरघळून जाण्यासाठी. बाकीची अगदी शेवटी, वेगळ्या तव्यात लोण्यावर तांबूस परतून. मी आधी सगळी एकदम घालत असे आणि तपकिरी लगदा वाढत असे. चव असायची, पण फळ खाल्ल्याचा आनंद नसायचा.

जातीचाही फरक पडतो. इंग्लंडचं ब्रॅम्ली सफरचंद शिजलं की पूर्ण विरघळतं, म्हणून ते पहिल्या हप्त्याला आदर्श. (ते मूळ झाड नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने लावलेल्या बीचं.) हिरवं ग्रॅनी स्मिथ आकार धरून राहतं, ते शेवटी घालावं. मुंबई-पुण्यात ग्रॅनी स्मिथ सहज मिळतं. नुसतं गोड, लाल, पिठूळ सफरचंद मात्र दोन्ही वेळेला निराश करतं.

सुक्या आलुबुखाराची गोष्ट वेगळी. नॉर्मंडीच्या दक्षिणेला, ल्वार नदीकाठच्या तूर शहरात डुकराचं मटण आणि सुके आलुबुखार ही जोडी प्रसिद्ध आहे. तिथे त्यात जवळच्याच वुव्रेची पांढरी वाइन पडते. वाळल्यामुळे फळाची साखर आणि आंबटपणा दोन्ही एकवटतात, तसं आमच्या वसईच्या सुकेळ्यांत केळ्याचं होतं. सुकं फळ रस शोषून टपोरं फुगतं. ते शेवटच्या पाऊण तासात घालायचं. आधी घातलं तर फुटून सगळा रस काळा आणि गुळमट होतो.

हे सगळं याच ऋतूत का, याला कारण आहे. आपला शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि दुपारी ऑक्टोबरचा चटका. इथला शरद म्हणजे पानगळ, धुकं आणि पाच वाजताचा अंधार. पूर्वीच्या युरोपात हिवाळ्यात जनावरांना पोसायला चारा पुरत नसे. म्हणून शरदात डुकरं ओकच्या रानात सोडायची, खाली पडलेल्या फळांवर ती धष्टपुष्ट व्हायची, आणि थंडी पडली की कापायची. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये आजही दर शरदात डुकरं अशी रानात सोडतात. स्पेनमध्ये ११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस, हा डुकरं कापण्याचा काळ. 'प्रत्येक डुकराचा संत मार्टिन येतोच' अशी तिकडे म्हणच आहे. नेमकी हीच वेळ सफरचंदं उतरवण्याची. कित्येक ठिकाणी पडकी फळं डुकरांनाच घालत. ग्लॉस्टरशायरच्या ठिपकेवाल्या डुकरांना बागेतली डुकरं म्हणतात, आणि अंगावरचे ठिपके म्हणजे पडणाऱ्या सफरचंदांचे वळ, अशी लोककथा आहे. जे एकाच अंगणात वाढलं ते एकाच भांड्यात गेलं. डेन्मार्कमध्ये डुकराचे पट्टे परतून त्याच चरबीत सफरचंद शिजवतात. ऱ्हाइनकाठच्या जर्मनीत सफरचंद आणि बटाट्याच्या लगद्यासोबत रक्त घातलेलं सॉसेज खातात आणि पदार्थाला 'आकाश आणि धरती' म्हणतात, कारण एक फळ झाडावरचं, दुसरं जमिनीतलं.

आपल्या किनाऱ्यावरही हीच जाण आहे, फक्त फळं आंबट. गोव्यात कोकमाची सोलं घालून डुकराचं मटण करतात. कोडगूच्या (कुर्गच्या) पंदी करीत, म्हणजे डुकराच्या मटणाच्या रश्श्यात, तिथल्या रानफळाचा काळा, दाट आंबट अर्क, कचमपुळी, पडतो. विंदालूचं मूळ पोर्तुगीजांच्या वाइन-लसणातल्या मटणात. गोव्यात वाइनची जागा माडाच्या विनेगरने घेतली. विनेगरात रात्रभर मुरवलेल्या मटणाचं कोलॅजन थोडं लवकर सुटतं हेही खरं. सफरचंदाच्या सौम्य आंबटपणाकडून तेवढी अपेक्षा करू नये.

मी घरी करतो ते असं. खांद्याचं दीड किलो मटण, मुठीएवढे तुकडे; लहान केले तर कडा आधीच झिजतात. आदल्या रात्री २० ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये. मिठामुळे धागे थोडं पाणी धरून ठेवतात आणि चव आतपर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी पुसून, थोड्या तेलावर दोन-तीन खेपांत परतून बाजूला. त्याच भांड्यात तीन कांदे, उभे चिरून, सोनेरी होईपर्यंत. चार लसूण पाकळ्या, एक आंबट सफरचंद बारीक चिरून. मग ३०० मिलिलिटर सायडर ओतायचं आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडायचं. तळाला धरलेला तो तांबडा थर म्हणजे अर्धी चव, तो वाया घालवू नये. सायडर गोड नको, कोरडं हवं. आटल्यावर गोडी दुप्पट होते. दारू नको असेल तर बिनसाखरेचा सफरचंदाचा रस २५० मिलिलिटर आणि दोन चमचे विनेगर. वर २०० मिलिलिटर पाणी किंवा हाडांचा रस, थाइमच्या दोन काड्या, लॉरेलचं एक पान. (आपलं तमालपत्र म्हणजे हे पान नव्हे, ते दालचिनीच्या जवळच्या झाडाचं, इथे ते घातलं तर चव वेगळ्या दिशेला जाते, मी घालत नाही.) मटण परत आत. रस तुकड्यांच्या निम्म्यापर्यंतच यायला हवा. बुडवायचं नाही, कारण मटण स्वतःचं बरंच पाणी सोडतं आणि वर राहिलेला भाग ओव्हनमध्ये आणखी तांबूस होतो.

झाकण किंचित तिरपं ठेवून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये. ओव्हन १५० अंशांवर असला तरी रस तेवढा तापत नाही. वाफ निसटते आणि उष्णता घेऊन जाते, म्हणून रस उकळीच्या थोडा खालीच राहतो. झाकण घट्ट लावलं की तो खदखदायला लागतो, चरबी रसात घुसळली जाऊन गढूळ होते आणि तुकडे फाटतात. रटरट आवाज यायला नको; एखादा बुडबुडा सावकाश वर यावा, फुटावा, आणि मग दुसरा यावा. सव्वादोन तासांनी पंधरा सुके आलुबुखार. तीन तासांच्या आसपास काटा तुकड्यात घालून फिरवून पाहायचा: धागे अडखळत असतील तर आणखी अर्धा तास, आपसूक उलगडले तर झालं. थर्मामीटर असेल तर ९३ ते ९५ अंश. पण काट्यावर माझा जास्त भरवसा आहे, कारण प्रत्येक जनावर वेगळं.

शेवटी रस चाखायचा. जड वाटला तर एक चमचा विनेगर. मीठ घालायचा मोह होतो, पण बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो आंबटपणा. नॉर्मंडीत यात दोन चमचे घट्ट साय पडते आणि काही घरांत कालव्हादोस, म्हणजे सफरचंदाची ब्रँडी, एक लहान पेला. मला सायीशिवाय आवडतं.

कुकरमध्ये होतं का? होतं. कुकरात दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळ जातं आणि कोलॅजन पटकन सुटतं, म्हणून एका शिट्टीनंतर बारीक आचेवर ४० मिनिटं पुरतात. धागे मात्र जास्त पिळले जातात. शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब एकदम पडला की मटणाच्या आतलं पाणी उसळून बाहेर येतं. आपोआप थंड होऊ द्या, मग झाकण काढून आलुबुखार घाला आणि रस उघडाच आटवा.

वेळ असेल तर हा पदार्थ आदल्या दिवशी करावा. रसातच थंड होऊ दिला की घट्ट होत जाणारं जिलेटिन तुकड्यांभोवती आणि धाग्यांच्या मधे बसतं. सकाळी फ्रिज उघडला की वर पांढऱ्या चरबीची खापरी दिसते. ती अलगद उचलून वाटीत काढायची, बटाटे परतायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. खाली तपकिरी, थरथरणारी जेली. ती भांड्यासकट अगदी मंद आचेवर ठेवायची आणि ढवळायचं नाही, नाहीतर तुकडे मोडतात. काठाकडून जेली सैल होत जाते, मग मधली, आणि वीसेक मिनिटांत सगळे तुकडे रसात मोकळे होतात. तेवढ्या वेळात शेजारच्या तव्यात लोणी तापवून उरलेल्या तीन सफरचंदांच्या जाड फोडी दोन्ही बाजूंनी तांबूस करायच्या आणि वाढताना वर ठेवायच्या.